वहिनींचा तीळ, दादाची चिठ्ठी

अकरा.

पुसणीसांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत नाकावर चढवला आणि पुन्हा मोजले. अकराच.

गेल्या वर्षी तीन क्लिकमध्ये काम झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी दोन. आणि आज सकाळी काढलेल्या फोटोत वहिनींच्या डाव्या कानाखालचा तीळ घालवायला माऊस अकरा वेळा दाबावा लागला. एवढं करूनही मानेवर एक मळकट सावली राहिली ती राहिलीच.

पुसणीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. फडणीस असतात, चिटणीस असतात, तसा हा आमचा पुसणीस, असं त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, कधीकाळी जाहीर केलं आणि ते त्यांना गोंदासारखं चिकटलं. घरच्या स्टुडिओत थोरला भाऊ, म्हणजे दादा, फोटो काढायचा आणि हे मागच्या खोलीत बसून पुसायचे. लोकांच्या पुटकुळ्या, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या शेजारी उभा असलेला आख्खा मेहुणा, सगळं त्यांनी बिनबोभाट नाहीसं केलं होतं. लग्न मात्र जमलं नाही. कुठलीही मुलगी समोर आली की हिच्या चेहऱ्यावर काय काय पुसावं लागेल त्याचा हिशेब ते मनात मांडत बसायचे, आणि तो त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचा.

वहिनींचा तीळ मात्र त्यांचा जुना ओळखीचा. दर वर्षी स्टुडिओच्या वाढदिवसाला घरातले सगळे त्याच रंगवलेल्या पडद्यासमोर, त्याच कुरकुरणाऱ्या बाकावर बसून एक फोटो काढायचे. एरवी वहिनींचे केस कायम डाव्या कानावरून खाली सोडलेले असत. पण फोटोच्या वेळी दादा कॅमेऱ्याच्या मागून दरसाल एकच वाक्य बोलायचा. "केस मागे घे." वहिनी मुकाट्याने केस मागे घ्यायच्या, तीळ उघडा पडायचा, दादा टायमर लावून पटकन बाकावर येऊन बसायचा, खटका पडायचा, आणि त्याच दिवशी पुसणीस तो तीळ पुसायचे. एक्केचाळीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच फोटोच्या पाकिटावर दादाने तशी चिठ्ठी लावली होती. तीळ का. स्टुडिओच्या भाषेत 'का.' म्हणजे काढ. पुसणीसांनी काढला, आणि तेव्हापासून काढत आले. त्या तिळाबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर उच्चारलं नाही.

आता पंचाईत अशी, की तो तीळ मोठा झाला होता आणि हे फक्त पुसणीसांना ठाऊक होतं. त्यांनी न पुसलेलं मूळ चित्र उघडून मोठं केलं. मग आणखी मोठं केलं.

"काका, हे काय? कुठल्या बेटाचा नकाशा?"

पुसणीस खुर्चीतल्या खुर्चीत टुणकन उडाले. पुतण्याची बायको मागे उभी होती. ती दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि दुपारच्या सुट्टीत डबा खायला इकडे यायची. पुसणीसांनी स्क्रीनसमोर दोन्ही हात आडवे धरले.

"नकाशा नाही गं. तुझ्या सासूची मान आहे."

"एवढी मोठी?"

"मोठी मी केली. म्हणजे मान नव्हे, चित्र. तू आधी ते दार लाव."

दार लावून सूनबाई स्क्रीनवर वाकली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"हा असा कधी झाला?"

"पोरी, तेच तर! गेल्या वर्षी तीन क्लिक होता."

"हे क्लिकचं माप आमच्या पुस्तकात नव्हतं," सूनबाई म्हणाली. पण ती नीट बघत होती. "हे बघा, एक अर्धा दुसऱ्या अर्ध्यासारखा नाही. कड कुरतडल्यासारखी आहे. रंगही दोन... नाही, तीन दिसतायत. पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठाच असेल. आणि मुख्य म्हणजे बदललाय." ती सरळ उभी राहिली. "गेल्या आठवड्यात आईंच्या कॉलरवर रक्ताचा ठिपका होता. चष्म्याची दोरी घासली म्हणाल्या मला."

पुसणीसांनी माऊस सोडला. "म्हणजे वाईटच का?"

"ते तुम्हाला, मला नुसतं बघून नाही कळायचं. बहुतेक तीळ बिचारे जन्मभर गप्प बसून असतात. पण जो बदलायला लागतो, खाजतो, रक्त येतं, किंवा या वयात नव्याने उगवतो, तो डॉक्टरला दाखवायचा. घाबरायचं नाही, पण पुढच्या महिन्यात बघू असंही म्हणायचं नाही. आजच सांगा तुम्ही आईंना."

"मी?" पुसणीसांचा आवाज चिरकला. "मी काय सांगू? वहिनी, मी तुमची मान चारशेपट मोठी करून बघितली, असं?"

"अगदी असंच नका सांगू," सूनबाई म्हणाली. "पण सांगा. मी तुमच्या बाजूने आहे."

संध्याकाळी पाच वाजता सगळे पुढच्या दालनात जमले. सकाळी काढलेल्या सात फोटोंतून एक निवडायचा असे, आणि या निवडीवरून घरात दरसाल युती आणि फाटाफूट व्हायची. कारण प्रत्येक जण फक्त स्वतःला बघायचा. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर असलेल्या ताईला तिसरा फोटो हवा होता, त्यात तिची हनुवटी एकच दिसत होती. पुतण्याला पाचवा हवा होता, त्यात त्याचं टक्कल आत्याच्या मागे लपलं होतं. त्याने ताईला गुपचूप दोन बिस्किटं जास्त देऊन पाहिली. ताईने बिस्किटं खाल्ली आणि मत तिसऱ्यालाच दिलं. दादा कानाचं यंत्र खिशात ठेवून प्रसन्नपणे बसला होता. वहिनी चहा ओतत होत्या. केस पुन्हा डाव्या कानावर आले होते.

सूनबाईने पुसणीसांना कोपराने ढोसलं. पुसणीसांनी घसा खाकरला. दुपारभर त्यांनी एक लांबलचक, सभ्य, आडवळणाचं वाक्य घोकलं होतं. ते ऐन वेळी साफ विसरलं.

"वहिनी, तुमच्या तिळाला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."

तीळ जणू शेजारी भाड्याने राहत होता. वहिनींच्या हातातली किटली थबकली आणि दुसरा हात आपोआप मानेकडे गेला.

"कुठला तीळ?" ताईने विचारलं. तिचा आवाज अजून दुसऱ्या शहरातल्या माणसाला ऐकू जाईल असाच होता. "हिला तीळ कुठाय?"

"काय म्हणतोय तो?" दादाने विचारलं. "शीळ? कुणी घातली शीळ?"

"तीळ, बाबा, तीळ!" पुतण्या त्याच्या कानात ओरडला. "आईचा!"

"आई कशाला शीळ घालेल?"

"वहिनी, तो वाढलाय," पुसणीस एका दमात म्हणाले. "रंग बदललाय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. सूनबाईही म्हणते दाखवायला हवा."

सूनबाईने भराभर सगळं सांगितलं. कड, रंग, आकार, कॉलरवरचं रक्त. वहिनींनी किटली खाली ठेवली.

"काही झालेलं नाही मला. जन्मापासूनचा तीळ आहे तो. दोरी घासली, बस."

"जन्मापासूनचा?" ताई खुर्चीत सरसावून बसली. "आत्ता गं बया! एक्केचाळीस वर्षं तुला बघतेय मी. तीळ नव्हताच. हा नवा आहे!"

"वन्सं, माझी मान आहे, मला माहीत नसेल?"

"स्वतःची मान स्वतःला कधी दिसते का? थांब, पुरावाच देते. अरे, अल्बम आण!"

पुतण्याने अल्बम आणले. ताईने एकामागून एक पानं उलटली. एक्केचाळीस वर्षांच्या एक्केचाळीस वहिनी, केस मागे घेतलेल्या, आणि एकीच्याही मानेवर तीळ सोडा, साधा ठिपका नव्हता.

"बघा! फोटो खोटं बोलत नाही," ताई म्हणाली. फोटोंना खोटं बोलायला शिकवून ज्या घराचं पोट भरलं, त्या घरात बसून ती हे म्हणाली, आणि पुसणीसांनी मान खाली घातली.

"आत्या, मला आठवतोय तो," पुतण्या म्हणाला. "लहानपणी आईच्या कडेवर असलो की मी त्यावर बोट ठेवून झोपायचो."

"तू लहानपणी आमच्या कोटाची बटणंसुद्धा खायचास. तुझ्या आठवणी नकोत."

झालं. घराचे दोन तट पडले. ताई म्हणे नवा, वहिनी आणि पुतण्या म्हणत जुना. दादा म्हणे शीळ घालणाऱ्याला आधी बाहेर काढा. अर्धा तास वाद पेटला होता आणि सूनबाई मधोमध उभी राहून तेच तेच ओरडत होती. "अहो, नवा असला तरी दाखवायचा! जुना असून बदलला तरी दाखवायचा! कुणीही जिंका, जायचं डॉक्टरकडेच आहे!" पण या घरात एकदा वाद सुरू झाला, की तो कशासाठी चाललाय हे विचारणं उद्धटपणाचं मानलं जाई.

शेवटी वहिनी उठल्याच.

"मी कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा होता की ताईसुद्धा गप्प झाली. "ज्या तिळाची या घराला पहिल्या दिवसापासून लाज वाटली, जो मी एक्केचाळीस वर्षं केसांखाली झाकला, तो आता मी परक्या डॉक्टरला भिंगाखाली दाखवत बसू? लग्नानंतरचा पहिला फोटो हातात आला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आधी मला वाटलं फोटो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग कळलं, मीच आहे, नको तेवढं पुसलेली. तेव्हा काही बोलले नाही. आता तुम्हीही बोलू नका."

पुसणीस उठून उभे राहिले. त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं की वहिनींनाच तो तीळ नकोय. दादाने चिठ्ठी लिहिली म्हणजे नव्या नवरीनेच हळूच सांगितलं असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आणि एवढ्या प्रेमाने, एवढ्या हलक्या हाताने त्यांनी दरसाल तो काढला होता.

"वहिनी, पुसायचा मीच," ते म्हणाले. "पण ताई, तीळ होता. दाखवतो. सगळे मागे चला."

मागच्या खोलीत काचेचं दिव्याचं टेबल होतं. पुसणीसांनी कपाटातून जुन्या निगेटिव्हची पाकिटं काढली. कॉम्प्युटर येण्याआधी तीळ पुसायचा म्हणजे निगेटिव्हवरच बारीक टोकाच्या पेन्सिलीने भरायचा. ताईने पहिली निगेटिव्ह हिसकून दिव्यावर धरली.

"अगं बाई! हिचे केस पांढरे आणि तोंड काळंठिक्कर! आणि हा पुसणीस कुठे बसलाय, उजवीकडे? हा तर डावीकडे बसतो!"

"ताई, उलटी धरलीयेस. आणि निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं."

"मग आधी सांगायचं नाही!"

पुसणीसांनी निगेटिव्ह सुलटी केली, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि वहिनींच्या मानेवरून अलगद फिरवला. पेन्सिलीचा मुलामा निघून गेला. त्याखालून एक पांढरा, गोल, नेटका ठिपका वर आला. मोहरीएवढाही नव्हता.

"म्हणजे होता!" पुतण्या ओरडला. ताईने बराच वेळ वाकून बघितलं. "असेल," ती म्हणाली. ताईच्या बाबतीत हा पूर्ण शरणागतीचा शब्द होता.

पुसणीसांनी दुसरी पुसली, सातवी पुसली, पंधरावी पुसली. तीळ प्रत्येक वेळी तसाच, गोल, शहाण्यासारखा एका जागी. मग त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि न पुसलेले मूळ फोटो काढले. वर्षामागून वर्ष तोच तीळ. गेल्या वर्षी एका बाजूला किंचित फुगलेला. आणि आजचा.

आजचा तीळ बघून ताईने वहिनींचा हात धरला, आणि वहिनींनी तो धरू दिला.

तेवढ्यात सूनबाईच्या हातातल्या पहिल्या पाकिटातून एक पिवळा पडलेला चिटोरा खाली पडला. तिने तो उचलून वाचला. "काका, हीच का ती चिठ्ठी? तीळ... काय लिहिलंय हे?"

"का.," पुसणीस म्हणाले. "तीळ का. काढ."

"'का' नाही वाटत हो हा. डाग पडलाय मधे. डागाखाली 'र' दिसतोय."

पुसणीसांनी चिठ्ठी दिव्याच्या काचेवर ठेवली आणि भिंग लावलं. लाखो तोंडं याच भिंगाखाली त्यांनी तपासली होती, पण ही चिठ्ठी त्यांनी एकदाच, अंधारखोलीतल्या लाल दिव्यात वाचली होती. फिल्म धुवायच्या डेव्हलपरचा एक थेंब अक्षरावर पडून पसरला होता. थेंबाखाली दादाचं ते कोंबडीच्या पायासारखं अक्षर होतं. तीळ रा.

"दादा!" पुसणीसांनी स्वतःच्या हाताने दादाच्या खिशातून यंत्र काढलं, त्याच्या कानात कोंबलं आणि चिठ्ठी नाकासमोर धरली. "हे काय लिहिलं होतंस तू?"

दादाने चिठ्ठी दूर धरली, जवळ धरली. "रा. राहू दे. तीळ राहू दे. त्यात काय न कळण्यासारखं आहे?"

"रा?" वहिनी म्हणाल्या.

"रा," दादा म्हणाला. "हा पुसतो दिसेल ते. म्हणून आधीच बजावलं होतं."

"मग मी एक्केचाळीस वर्षं पुसत होतो तेव्हा तू काही बोलला का नाहीस?" पुसणीस जवळजवळ किंचाळले.

"मला वाटलं हिनेच तुला सांगितलं. बाईमाणसाच्या चेहऱ्याचा प्रश्न, आपण कशाला मधे बोला? म्हणून मी आपला दर वर्षी केस मागे घ्यायला सांगायचो. निदान फोटो काढताना तरी मला दिसायचा." दादा थोडा लाजला. सत्तरीत लाजणं त्याला जमत नव्हतं, त्यामुळे त्याचे कान लाल झाले. "मला आवडतो तो."

वहिनी आधी दादाकडे बघत राहिल्या, मग पुसणीसांकडे. आणि एकदम खुर्चीत बसून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नक्की कशाचं आहे हे कुणालाच कळेना.

"एक्केचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एका थेंबासाठी! भावजी, तुम्हाला एकदा विचारता नाही आलं?"

"तुम्हीही नाही विचारलंत, वहिनी."

"मी का विचारू? मी नवी होते!"

"अगं, पहिल्या वर्षी नवी होतीस, चाळिसाव्या वर्षी?" ताईने विचारलं, आणि लगेच स्वतःच पदरचं एक बिस्किट वहिनींच्या तोंडात कोंबलं.

वहिनींनी डोळे पुसले, केस मागे घेतले आणि घट्ट बांधले. "उद्या सकाळी जाऊ डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं भावजी चुकून काढत होते. आता काढायचाच असेल तर नीट विचारून काढू दे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत, जिथे खुर्च्या दोन होत्या, तिथे सहा जण शिरले. डॉक्टर चाळिशीतल्या, शांत बाई होत्या. त्यांनी दिवा लावलेलं एक छोटं भिंग वहिनींच्या मानेवर टेकवलं. पुसणीसांना राहवेना.

"किती पटीचं आहे हो?"

"दहा."

"माझंही दहाच! पण दिवा बाहेरून धरावा लागतो."

"काका," सूनबाई दातओठ खात म्हणाली.

"हा बदललाय असं कधीपासून वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं. एरवी या प्रश्नावर माणसं छताकडे बघतात. पुसणीसांनी पिशवीतून निगेटिव्हची पाकिटं आणि छापलेले मूळ फोटो काढले, सालवार लावलेले, तारखांसकट. डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या दिव्यावर निगेटिव्ह लावल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"इतकी चांगली नोंद मला आजवर कुणी आणून दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "कुणी ठेवली?"

"भावजींनी," वहिनी म्हणाल्या. "पुसत होते."

डॉक्टरांना ते समजलं नाही, पण त्यांनी चाणाक्षपणे विचारलंही नाही. तीळ पूर्ण काढून तपासायला पाठवायचा, असं त्यांनी सांगितलं. मग बाकीच्यांनाही बजावलं, की महिन्यातून एकदा आरशात स्वतःचं अंग बघत जा, पाठ दुसऱ्याला बघायला सांगा. एवढं ऐकायचा अवकाश, ताईने मनगट पुढे केलं. "हा माझा बघा! काल रात्री नव्हता, आज सकाळी आला!" डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि ताईचा तीळ पुसून टाकला. शाई होती. स्टुडिओच्या शिक्क्याची.

तीळ निघाला आणि तपासायला गेला. रिपोर्ट यायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत पुसणीसांनी एकही फोटो पुसला नाही. गिऱ्हाइकं आपापल्या पुटकुळ्या तशाच घेऊन घरी गेली. रोज सकाळी ते वहिनींना विचारायचे, "फोन आला?" आणि वहिनी म्हणायच्या, "भावजी, आला की आधी तुम्हालाच सांगेन. चहा घ्या." दादा यंत्र कानातून काढायलाच तयार नव्हता. झोपतानाही नाही. फोन चुकेल म्हणायचा.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. "वाईट होण्याच्या वाटेवर होता," त्यांनी सरळ सांगितलं. "पण अगदी वरच्या थरात होता, खाली उतरलेला नव्हता. आजूबाजूची थोडी कातडी अजून काढू, आणि पुढे ठरावीक महिन्यांनी तपासत राहू. वेळेत आलात. आणखी वर्षभर पुसत बसला असतात, तर मी हे असं हसत सांगितलं नसतं."

पुसणीस बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. ताई त्यांच्या पाठीवर थोपटत होती. थोपटता थोपटता तिने त्यांची कॉलर मागे ओढून मानेवरचे दोन-तीन तीळही तपासून घेतले.

त्या वर्षीचा फोटो पुन्हा काढायचा ठरला. वहिनींच्या मानेवर पांढरी चौकोनी पट्टी होती. पुतण्या म्हणाला, पट्टी निघेपर्यंत थांबू. सूनबाई म्हणाली, थांबू नका. ताई म्हणाली, डाव्या बाजूला बस, दिसणार नाही. वहिनी सरळ नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. दादा कॅमेऱ्यामागे गेला. या कामासाठी तो पुतण्याला अजून कॅमेऱ्याला हात लावू देत नसे.

"केस मागे घे," तो म्हणाला.

"घेतलेत आधीच," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी पुसणीस मागच्या खोलीत आले तेव्हा कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर वहिनींचं, टपोरं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. एकही शब्द अर्धवट नव्हता. 'सगळं राहू दे. स-ग-ळं.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पुसणीसांनी फोटो मोठा केला. पट्टी दिसत होती. पुतण्याचं टक्कल दिसत होतं. दादाच्या कानातलं यंत्र दिसत होतं. त्यांची बोटं माऊसवर शिवशिवत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि सूनबाईला सांगून फोटो तसाच्या तसा छापायला पाठवला.

फ्रेम भिंतीवर लागली आणि दोन मिनिटांत ताईचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमला.

"पुसणीस! माझ्या हनुवटीखाली ही दुसरी हनुवटी कुठून आली?"

पुसणीसांनी असहायपणे वहिनींकडे पाहिलं. वहिनी चष्मा लावून फ्रेमजवळ गेल्या आणि भिंग लावावं तशा वाकून त्यांनी ताईची हनुवटी बराच वेळ निरखली.

"वन्सं, जुनीच आहे ती," त्या म्हणाल्या. "बदलली तर दाखवू डॉक्टरांना."